चा-ची-चे

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाण्याचा टँकर सोडून दुसरी बातमी सहसा येत नाही. त्यामुळे मागच्या जूनमध्ये सकाळी सकाळी ‘हार्दिक अभिनंदन’ आणि त्यामागोमाग सात पुष्पगुच्छ येऊन पडले, तेव्हा मला वाटलं नळाला पाणी आलं. तसं काही नव्हतं. सी विंगमधल्या हार्डवेअरवाल्या शेठचे चिरंजीव ऑक्सफर्डला निघाले होते.

किती दिवसांसाठी, हे मेसेजमध्ये नव्हतं. ते मी लिफ्टमध्ये विचारून घेतलं. चौदा. आपल्याकडे चौदा हा आकडा वनवासाचा. इथे फक्त वर्षांच्या जागी दिवस.

चिरंजीव बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा गुणी आहे, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुमचा गैरसमज व्हायचा. गणेश मंडळाचा हिशेब तोच ठेवतो, आणि त्या हिशेबात ‘किरकोळ’ या सदराखाली आजवर पाचशेच्या वर रक्कम गेलेली नाही. पुण्यातल्या मंडळांच्या इतिहासात ही लहान गोष्ट नव्हे. वर्गणी, मांडवाची परवानगी, पोलीस चौकी, स्पीकरवाला, रात्री दहाचा नियम आणि दहा वाजून एक मिनिटाने अंगात येणारे कार्यकर्ते, एवढं सगळं विसाव्या वर्षी सांभाळणारा हा मुलगा चौदा दिवस काय शिकायला चालला होता? ‘ग्लोबल लीडरशिप अँड इनोव्हेशन.’

शेठ म्हणाले, “तुम्ही लिहिणारे आहात, जरा बरोबर चला. कागद इंग्रजीत आहेत.” म्हणून मी कोर्सच्या सल्लागाराच्या ऑफिसात जाऊन बसलो. भिंतभर ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ कॅमेऱ्याचा फोटो. (हा कॅमेरा फोटो काढत नाही, त्याचाच काढतात. ती वाचनालयाची गोल इमारत आहे.) समोर सुटातला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, टेबलावर पाटी ‘सीनिअर मेंटॉर’.

“पात्रता काय लागते?” मी विचारलं.

“वय वर्षं अठरा पूर्ण, सर.”

म्हणजे मतदानाला लागते तेवढीच.

“आणि मार्क?”

“मार्कांवर आम्ही विद्यार्थ्याला जोखत नाही, सर. आम्ही होलिस्टिक बघतो.” आणि त्याने होलिस्टिक नजरेने शेठच्या चेकबुकाकडे बघितलं.

“शेवटी परीक्षा असते?”

“नाही, नाही. हा कोर्स नाहीच मुळी, हा एक्सपीरिअन्स आहे.”

“मग नापास कुणी होत नसेल.”

“आजवर एकही नाही!” तो अभिमानाने म्हणाला. शेठनी माझ्याकडे असं बघितलं, की बघा, शंभर टक्के निकाल.

फी सव्वाचार लाख. तिकीट, व्हिसा, विमा आणि एक नवा कोट धरून प्रकरण सहाच्या घरात गेलं. मुलाच्या अनुदानित कॉलेजची तीन वर्षांची फी एकत्र केली असती तर तेवढ्यात या एक्सपीरिअन्सचा दीड दिवसही भागला नसता.

त्या गुळगुळीत पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक ओळ होती. कंपनी ऑक्सफर्ड विद्यापीठाशी संलग्न नाही. मी ती शेठना मोठ्याने वाचून दाखवली. शेठ म्हणाले, “म्हणजे स्वायत्त आहे!”

आता, यात बेकायदा काहीही नाही, आणि खरी गंमत तीच आहे. ऑक्सफर्डचं वर्ष तीन सत्रांचं असतं. मायकेलमस, हिलरी आणि ट्रिनिटी. एकेक सत्र आठ आठवड्यांचं. जूनमध्ये ट्रिनिटी संपलं की पदवीची बहुतेक मुलं बिस्तरा गुंडाळून घरी जातात आणि गाव पर्यटकांना सोडून देतात. तिथे कॉलेजं तीसहून अधिक, आणि प्रत्येक आपला संसार आपण चालवणारं. खोल्या रिकाम्या, भोजनगृहं रिकामी, माळी मात्र पगारावर. मग कॉलेजं उन्हाळ्यात जागा भाड्याने देतात. परिषदांना देतात, पाहुण्यांना देतात, लग्नांना देतात, आणि कोर्स चालवणाऱ्या खासगी कंपन्यांनाही देतात. विद्यापीठ आपल्या संकेतस्थळावर उघड सांगतं, की गावात असे पुष्कळ वर्ग चालतात आणि त्यांचा आमचा संबंध नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या उन्हाळी शाळाही आहेत, त्या वेगळ्या. पण त्यांचा सीनिअर मेंटॉर आपल्या गल्लीत ऑफिस थाटून बसत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात शाळेचं पटांगण लग्नाला देतात, तसंच हे. शाळेत लग्न लागलं म्हणून नवरा-नवरी त्या शाळेचे माजी विद्यार्थी होत नाहीत.

इंग्लंडच्या सरकारला हे आपल्याआधी कळलेलं आहे. सहा महिन्यांच्या आतल्या असल्या शिक्षणासाठी तिथे विद्यार्थ्याचा व्हिसा काढावा लागत नाही, पाहुण्याचा साधा व्हिसा चालतो. चिरंजिवांच्या पासपोर्टवर राजाच्या सरकारने स्वच्छ नोंद करून ठेवली होती, की हा पाहुणा. विद्यार्थी फक्त सोसायटीच्या ग्रुपवर.

आता थोडं व्याकरण. घाबरू नका, चौथी-पाचवीचंच आहे. ने-ए-शी, ऊन-हून, चा-ची-चे, त-ई-आ. बाईंनी घोकून घेतलेली ती गाडी आठवा आणि शेवटच्या दोन डब्यांपाशी थांबा. षष्ठी आणि सप्तमी. ‘ऑक्सफर्डचा’ ही षष्ठी, ‘ऑक्सफर्डात’ ही सप्तमी. (बोलताना आपण ‘ऑक्सफर्डमध्ये’ म्हणतो. ‘मध्ये’ हे शब्दयोगी अव्यय आहे हे मला ठाऊक आहे, पत्र पाठवू नका. काम ते सप्तमीचंच करतं.) परदेशी अल्पमुदतीच्या कोर्सचा सगळा धंदा या दोन विभक्तींच्या मधल्या फटीत चालतो. विकताना सप्तमी विकायची आणि गिऱ्हाइकाने घरी नेताना तिची षष्ठी करून घ्यायची. कंपनीने कुठेही खोटं लिहिलेलं नसतं. प्रमाणपत्रावर ‘ऑक्सफर्ड येथे’ असतं. ते ‘येथे’ मुंबईच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर राहून जातं, आणि पुण्याला पोचतो तो थेट ‘ऑक्सफर्डचा’.

षष्ठीची आणखी एक खोड आहे. व्याकरणकार तिला कारकात धरत नाहीत. कारण उघड आहे, कारकाचा संबंध क्रियापदाशी असतो आणि षष्ठीचा असतो नुसत्या नामाशी. तिला क्रियेशी काही देणंघेणं नाही. नावाला नाव जोडलं की तिचं काम झालं. लिंक्डइनचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी आमच्या वैयाकरणांनी हे लिहून ठेवलंय.

सप्तमी आणि षष्ठी यांच्यामध्ये अंतर किती असतं, हे मोजायचं असेल तर नाशिकला जन्मलेल्या एका मुलीला विचारावं. कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, परीक्षेत अशी वर आली की इंग्लंडला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिचीच. पण ती मुलगी निघाली, म्हणून शिष्यवृत्ती दिली नाही. मग इंग्लंडातल्या काही भल्या माणसांनी वर्गणी काढली, तिच्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होती, आणि १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलला दाखल झाली. १८९२ मध्ये तिने कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली. त्या परीक्षेला बसलेली ती पहिली बाई, आणि तेही खास परवानगी काढून. परीक्षा झाली. पदवी? ती नाही. बायकांना पदवी द्यायची ऑक्सफर्डची रीतच नव्हती. ती रीत १९२० साली बदलली आणि कॉर्नेलियाला तिची पदवी मिळाली १९२२ मध्ये. तीस वर्षं बाई सप्तमीत उभी होती. अभ्यास केला, परीक्षा दिली, परत येऊन पडदानशीन विधवांच्या आणि अज्ञान वारसांच्या इस्टेटींसाठी भांडली, सगळी क्रियापदं चालवली, आणि षष्ठी तेवढी मिळत नव्हती.

आमच्या चिरंजिवांना ती चौदा दिवसांत मिळाली. टपालखर्चासह.

पण एकट्या आपल्यालाच हसण्यात अर्थ नाही. ही लागण मूळची तिकडचीच. अठराव्या शतकात इंग्लंडातली बडी घराणी आपल्या पोरांना ‘ग्रँड टूर’ला धाडायची. पॅरिस, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. बरोबर एक गरीब विद्वान मास्तर. त्या मास्तराला लोक चेष्टेने अस्वल फिरवणारा म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत दरवेशी. रोममध्ये पोचल्यावर पोराने काय करायचं? तर पोंपेओ बातोनी नावाच्या चित्रकाराकडे जायचं, उत्तम कोट घालून उभं राहायचं, मागे एखादा पडका खांब किंवा पुतळा घ्यायचा आणि तस्बीर काढून घरी न्यायची. सेल्फी ती हीच. फक्त स्टोरी चोवीस तासांत पुसली जायची नाही, ती अजून संग्रहालयांत टांगलेली आहे.

असाच एक दरवेशी होता अ‍ॅडम स्मिथ. होय, अर्थशास्त्राचा बाप तोच. ग्लासगोची प्राध्यापकी सोडून १७६४ मध्ये एका कोवळ्या ड्यूकला घेऊन तो फ्रान्सला गेला. वर्षाला तीनशे पौंड, आणि पुढे जन्मभर तेवढंच पेन्शन. तुलूझमध्ये त्याला इतका कंटाळा आला, की वेळ जावा म्हणून एक पुस्तक लिहायला घेतलंय असं त्याने मित्राला कळवलं. पुढे १७७६ मध्ये ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ छापून आलं, त्यात त्याने या परदेशवाऱ्यांवर कोरडे ओढलेत. पोरगं जातं त्यापेक्षा शिष्ट होऊन आणि कामाला निरुपयोगी होऊन परत येतं, असा त्याचा एकंदर सूर. तनखा मात्र त्याने परत केला नाही. शहाणा होता. आणि जाता जाता सांगतो, स्मिथ स्वतः ऑक्सफर्डला सहा वर्षं होता, आणि तिथले प्राध्यापक शिकवण्याचं नाटक करायलाही कंटाळतात, अशी तक्रार त्याच पुस्तकात करून ठेवतो. म्हणजे सीनिअर मेंटॉरने भिंतीवर लावायला तो माणूस काही कामाचा नाही.

त्यातल्या त्यात सचोटीचा प्रयोग अमेरिकेच्या डेलावेअर विद्यापीठाने केला. १९२३ मध्ये त्यांनी आठ मुलं बोटीने फ्रान्सला पाठवली. आधी नान्सी गावात नुसती फ्रेंच भाषा, मग वर्षभर पॅरिस. त्या वर्षाचा अभ्यास परत आल्यावर पदवीत धरला गेला. कॉलेजच्या मुलांनी थोडा काळ परदेशी शिकून यायचं, या आजच्या टूमचा एक खापरपणजा तो. आठ मुलं, एक वर्ष, आणि आधी तिथली भाषा. खापरपणतूकडे बघा. चिरंजिवांच्या तुकडीत छत्तीस जण होते, त्यांतले एकोणीस भारतीय, त्या एकोणिसांतले चौघे पुण्याचे, आणि एक तर चिरंजिवांच्याच डेक्कनवरच्या क्लासमधला. रात्रीच्या जेवणाला पहिल्या दिवशी उकडलेला बटाटा आला. दुसऱ्या दिवसापासून चार खोल्यांत मिळून ठेपले, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि तीन किलो बाकरवडी असा सामायिक कोठीघराचा कारभार सुरू झाला. लीडरशिप कुणाकडे होती, हे सांगायला नकोच. हिशेब तोच ठेवत होता.

आल्यावर आठवडाभर चिरंजीव कुणाला फारसे भेटले नाहीत. एका रात्री वीज गेली म्हणून मी गच्चीवर गेलो, तर हा टाकीपाशी बसलेला.

“काय रे, काय म्हणतंय ऑक्सफर्ड?”

“काका, खरं सांगू? घरी सांगणार नसाल तर.”

वचन दिलं. (सदरात लिहिणार नाही, असं वचन त्याने मागितलं नव्हतं. तरी हे छापायच्या आधी त्याला वाचून दाखवलं. म्हणाला, छापा, बाबा मराठी पेपरातलं फक्त राशिभविष्य वाचतात.)

सकाळी तीन तास वर्ग. दुपारी ‘कल्चरल वॉक’, म्हणजे चालणं. ख्राइस्ट चर्चच्या जिन्यावर फोटो, कारण तिथे हॅरी पॉटरचं चित्रीकरण झालं होतं. बॉडलियन वाचनालय १६०२ सालचं. तिथे वाचकाकडून आत विस्तव आणणार नाही असं वदवून घेतात, हे ऐकून याला फार हौस आली, की आपणही तशी शपथ घ्यावी आणि तासभर बसून काहीतरी वाचावं. पण यांच्याकडे वाचकाचं कार्डच नव्हतं. पर्यटकांचं तिकीट काढून रांगेतून आत गेले, मान वर करून छत बघितलं आणि दुसऱ्या दाराने बाहेर आले. आमच्याकडे पंढरपुरात याला मुखदर्शन म्हणतात.

“आणि शिकवायला कोण होतं? गोरे प्राध्यापक?”

तो हसायला लागला. “नागपूरचा दादा होता, काका.”

ऑक्सफर्ड पीएच.डी.ला डी.फिल. म्हणतं. हा दादा मातीतल्या जिवाणूंवर डी.फिल. करत होता, शिष्यवृत्तीवर आलेला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत खोलीभाडं सुटावं म्हणून तासावारी लीडरशिप शिकवत होता. कंपनीने पाठवलेल्या स्लाइड तो वाचून दाखवी, स्लाइड संपल्या की खिडकीबाहेर बघत राही. तिसऱ्या दिवशी याने त्याला बाकरवडी दिली. ती खाता खाता दादा म्हणाला, “हे बघ भाऊ, मी इथचा आहो. तू इथे आला आहेस. फरक समजून राहिला ना बे?”

बघा. व्याकरणाचं एक पुस्तक न उघडता नागपूरने षष्ठी-सप्तमी सोडवून दिली.

याला फरक समजला. पण त्याने एक प्रश्न विचारला, जो पुस्तिकेत नव्हता. इथे रोज खरं शिकवतात ते कसं? दादाने सांगितलं, की पदवीच्या मुलाला इथे बहुतेक दर आठवड्याला एखादा निबंध लिहून ट्यूटरपुढे बसावं लागतं. समोर एक ट्यूटर, या बाजूला तू, फार तर आणखी एखादा. लपायला मागचा बाक नाही. लिहून आण दोन पानं, दाखवतो. याने रात्री बसून दोन पानं लिहिली, विषय आपला घरचाच घेतला, की हार्डवेअरच्या दुकानात उधारी का वाढते. दादाने दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या बाकावर बसून ती लाल पेनाने रंगवली. पहिल्याच वाक्याखाली रेघ आणि समासात लिहिलेलं, ‘कशावरून?’ दुसऱ्या परिच्छेदाखाली, ‘कशावरून?’ शेवटी, ‘हे तुझ्या बाबांचं मत आहे. तुझं कुठे आहे?’

“काका, अकरा ‘कशावरून’ होते. मी मोजले. आपल्याकडे गाइडात असलं की झालं. मला आजवर कुणी कशावरून असं विचारलेलंच नाही.”

चार वेळा असं झालं. चार निबंध, चार बैठकी. कंपनीच्या वेळापत्रकात त्या नव्हत्या, त्यांचे पैसे कुणी घेतले नाहीत. दादाने तीन पाकिटं बाकरवडी तेवढी घेतली. सहा लाखांत जे ऑक्सफर्डचं म्हणावं असं होतं, ते या दोघांनी फुकटात आणि चोरून केलं. ती आठ पानं याच्या कपाटात आहेत. प्रमाणपत्र शेठनी लॅमिनेट करून दुकानात लावलंय, गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या शेजारी. त्यावर ‘सहभागाबद्दल’ असं लिहिलंय. रांगोळी स्पर्धेत असतं तसं.

मी त्याला हिशेब घालून दाखवला. हिशेबाची त्याला आवड आहे. युरोपातल्या विद्यापीठांचं माप असं, की एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांची मेहनत. सकाळचे तीन तास, दहा दिवस. झालं एक क्रेडिट. सहा लाखांना एक. आणि ते एकसुद्धा त्याच्या कॉलेजने धरलेलं नाही, कारण कॉलेजला विचारायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

म्हणून कुणी मला विचारलं, आणि हल्ली उन्हाळा आला की विचारतात, तर मी एवढंच म्हणतो, की त्या कोर्सला नापास होता येतं का ते आधी बघा. येत असेल तर पाठवा, कर्ज काढून पाठवलंत तरी माझी ना नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची उन्हाळी शाळा १९८९ पासून चालते, तीन आठवडे मुलांचं तेल काढतात, शेवटी पेपर असतो आणि त्यावर श्रेणी मिळते. तिथे वाईट श्रेणी मिळू शकते, म्हणून चांगलीला किंमत. जिथे वाईट काही मिळूच शकत नाही तिथे चांगलं काय मिळालं हे कळायचं कसं? पण पालकांना हे पटत नाही. सहा लाख भरून वर नापास व्हायचा धोका, याला ते ‘डबल नुकसान’ म्हणतात. व्यापारी माणसाला मी काय सांगणार.

आणखी एक गोष्ट मला खुपते, ती इथे टाकून ठेवतो. आपल्या राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातींतल्या मुलांना ती मिळते, पण पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी. म्हणजे गरिबाघरच्या मुलाने परदेश बघायचा तर आधी पदवी, मग प्रवेश, मग दाखल्यांची चळत, आणि तिथे गेल्यावर वर्ष-दोन वर्षं पास होत राहणं. चौदा दिवसांची चव बघून ठरवायची सोय फक्त ज्याच्या बापाचं दुकान आहे त्याला. आणि नेमकी त्यालाच लीडरशिप शिकवतात.

शेठना मी फार हसत नाही, त्याला एक खासगी कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जर्मनीत एका कार्यशाळेला गेलो होतो. सहा दिवस. त्यातले दोन मी सर्दीने झोपून काढले. पुढे माझं एक पुस्तक निघालं आणि मलपृष्ठावर प्रकाशकाने छापलं, ‘जर्मनीत अध्ययन’. मी मुद्रितं तपासली होती. त्या पुस्तकातल्या एकशे सतरा चुका मी दुरुस्त केल्या. ही केली नाही. ‘जर्मनीत’ म्हणजे सप्तमीच आहे, खोटं कुठे आहे, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, सप्तमी ठीक आहे, ‘अध्ययन’चं काय?

पु. ल. देशपांडे बीबीसीत दूरचित्रवाणीचं प्रशिक्षण घ्यायला गेले होते. त्यांचं प्रमाणपत्र कुणी बघितलंय का? मी तरी नाही. ‘अपूर्वाई’ मात्र घरोघरी आहे. पण हे उदाहरण देऊन उपयोग नाही, कारण लगेच कुणीतरी विचारतं, तो बीबीसीचा कोर्स अजून असतो का, आणि फी किती.

शेवटचा अंक परवाचा. वॉर्डातले एक भावी नगरसेवक आहेत. गेली अकरा वर्षं भावी आहेत. त्यांना बातमी उशिरा लागली, पण लागली. मुख्य चौकात फ्लेक्स लावायचं ठरलं. शेठनी पुन्हा मलाच बरोबर घेतलं, “मजकूर तुम्ही बघा.” चिरंजीव नको नको म्हणत होता, त्यालाही ओढून आणलं.

फ्लेक्सवाल्याच्या दुकानात संगणकावर मांडणी तयार होती. डावीकडे अर्ध्या भागात भावी नगरसेवक, गॉगलसह. उजवीकडे वर मोठ्या साहेबांचा फोटो, त्यांच्याखाली मधल्या साहेबांचा, त्यांच्याखाली शुभेच्छुक म्हणून चौदा डोकी. (चौदाच. मी मोजली.) खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या आकाराचा, आमचा मुलगा. मधल्या पट्टीवर मी सांगितलेला मजकूर त्याने टाइप केला होता. ‘ऑक्सफर्डमध्ये दोन आठवड्यांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल’.

भावी नगरसेवकांनी फोनवरून ‘दोन आठवड्यांचा’ काढायला लावलं. लांबी वाढते म्हणाले. काढलं.

फ्लेक्सवाल्याने माउस इकडेतिकडे फिरवला, अक्षरं लहान केली, मोठी केली, जीभ दातात धरून बघितलं. मग मान हलवून म्हणाला, “शेठ, बारा बाय आठमध्ये ‘मध्ये’ बसत नाही. साहेबांच्या गॉगलवर येतंय.”

“मध्ये ठेवा,” मुलगा म्हणाला. पहिल्यांदाच तो तिथे काही बोलला.

“अरे, ठेवलं असतं बाळा, जागाच नाही.” त्याने माझ्याकडे बघितलं. “काका, तुम्ही लिहिणारे ना? ‘चा’ करू का? ‘चा’ बरोबर बसतोय.”